सातबारा नेमका कुणाच्या नावचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेला महिना-दीड महिना आपल्या वाचकपत्रांच्या सदरात महाभारताचं युद्ध कोणत्या साली झालं, कोणती नदी कुठून वाहत होती, कोण कुणाचा वंशज, यावर पत्रांमागून पत्रं येत आहेत. मी ती सगळी वाचली. त्यातली काही अभ्यासाने लिहिलेली आहेत आणि इतिहास शोधणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण प्रत्येक पत्रात कौरव कुणीतरी दुसराच असतो. कुणाला ते दुसऱ्या पक्षात दिसतात, कुणाला दुसऱ्या जातीत, कुणाला दुसऱ्या धर्मात. पत्र लिहिणारा स्वतः मात्र प्रत्येक वेळी पांडवांच्या बाजूला उभा असतो. मीही आयुष्याची साठ वर्षं तिथेच उभा होतो, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी नेवासे तालुक्यातला. 1979 साली तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि 2012 साली मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडून तलाठी भाऊसाहेब काही सुटत नाही. तेहेतीस वर्षं माझ्या हातून एकच शब्द सगळ्यात जास्त वेळा लिहिला गेला असेल, तो म्हणजे 'क्षेत्र'. गट नंबर अमुक, क्षेत्र इतकं हेक्टर इतके आर. त्यातलं लागवडीयोग्य किती, पोटखराब किती, आकार म्हणजे शेतसारा किती. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे यंदा तिच्यात काय पेरलंय. दोन्ही मिळून सातबारा. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पुरी झाली, त्याच तालुक्यात माझा जन्म गेला, आणि तरी गीतेच्या तेराव्या अध्यायात हाच शब्द आहे हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलं नव्हतं. 'इदं शरीरं कौन्तेय क्षेत्रमित्यभिधीयते.' अर्जुना, या शरीराला क्षेत्र म्हणतात. गीतेचा पहिला शब्द 'धर्मक्षेत्रे'. म्हणजे जे मैदान पहिल्या श्लोकात आहे त्याचा पत्ता गीतेनेच तेराव्या अध्यायात दिला आहे. आपण तो पत्ता सोडून नकाशे धुंडाळत बसतो.

आमच्या गावात दरवर्षी माघात सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. सात दिवसांत नऊ हजारांवर ओव्या संपवायच्या तर दिवसाला साधारण तेराशे ओव्या होतात. त्या वेगात अर्थ हाताला लागत नाही, नुसता सूर लागतो. त्या सुराची किंमत मी कमी करत नाही, शे-दीडशे माणसांचा एकसूर कानावर पडला की आतलं काहीतरी बसतं, शांत होतं. पण 2016 च्या सप्ताहात तेरावा अध्याय चालू असताना वीज गेली, लाउडस्पीकर बंद पडला, आणि जनरेटर आणेपर्यंत आमच्या व्यासपीठचालक महाराजांनी वाचन थांबवून त्या ओव्या सोप्या करून सांगायला सुरुवात केली.

संपादक महोदय, ज्यांनी हा भाग वाचलेला नाही त्यांनी एकदा जरूर वाचावा. शरीर हे क्षेत्र आहे एवढं सांगून ज्ञानदेव थांबत नाहीत. ते शेताच्या मालकीचा अख्खा दावा उभा करतात. पहिला दावेदार जीव. जीववादी म्हणतात, हे स्थळ मुळापासून जीवाचं, प्राण हे त्याचं कूळ. त्या प्राणाच्या घरी चार भाऊ राबतात, मन देखरेख करणारा कुळवाडीकर, आणि इंद्रियं ही बैलांची पेटी, जी रात्र म्हणत नाही की पहाट म्हणत नाही, विषयांच्या वावरात मेहनत करतच राहते. या शेतात विधीची वाफ चुकवली, अन्यायाचं बी टाकलं, तर पिकणार पाप, आणि ते जीवाला जन्मोजन्मी भोगावं लागणार. वाफ साधून सत्क्रियेचं बी टाकलं तर सुख मापाने मोजून घ्यावं इतकं पिकणार. शेतकऱ्याला 'वाफसा' समजावून सांगावा लागत नाही. ओल जास्त असताना पेरलं तर बी कुजतं, ओल गेल्यावर पेरलं तर उगवत नाही. मधले दोन-तीन दिवस असतात, तेवढेच. ज्याने हे लिहिलं त्याने शेताच्या बांधावर बसून ऐकलेलं होतं, यात मला शंका नाही.

मग दुसरा दावेदार उठतो. तो म्हणतो, जीव कसला मालक, तो वाटेने जाता जाता मुक्कामाला थांबलेला वाटसरू. आणि प्राण तर बलुतेदार, राखणीला जागतो इतकंच. हे क्षेत्र प्रकृतीचं वतन आहे. रज पेरतो, सत्त्व राखण करतो, आणि तम एकटा सोंगणी करून नेतो. खळं आहे, मळणी आहे, रास आहे. त्यापुढे संकल्पाचा दावा, मग स्वभावाचा, मग काळाचा. एका गटावर पाच जणांचे दावे. माझ्या अख्ख्या नोकरीत एका सर्व्हे नंबरवर इतके तगडे पाच दावे मी पाहिले नाहीत.

महाराज इथपर्यंत आले होते. आमच्या मंदिराच्या डाव्या हाताच्या खांबाला टेकून एक आजी बसतात. त्यांना अक्षर येत नाही. पण पारायणाला त्या मांडीवर पोथी घेऊन बसतात, शेजारणीने पान उलटलं की त्याही उलटतात आणि बोट ओळीवरून फिरवत राहतात. वीज गेल्यामुळे सगळीकडे शांतता होती. आजींनी माझ्याकडे वळून, अगदी मनापासून विचारलं, "भाऊसाहेब, मग सातबारा नेमका कुणाच्या नावचा?"

मला उत्तर देता आलं नाही. जनरेटर आला, वाचन सुरू झालं, मी ओव्या म्हणत राहिलो, पण माझं लक्ष पोथीत नव्हतं. का नव्हतं, ते सांगायचं तर घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या वडिलांच्या माघारी 1991 साली जमिनीचं वाटप झालं. मधोमध बांध, वरच्या अंगाला थोरल्या बंधूंचा गट, खालच्या अंगाला माझा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. काळी, भारी जमीन, पाटाचं पाणी. दहा-बारा वर्षं सगळं सुरळीत होतं. मग मला वाटू लागलं की अण्णांची बाजू दरवर्षी सरकते आहे. एका नांगरटीत एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, तर पाच वर्षांत किती, हा हिशेब मी तलाठी असल्यामुळे मला फार चांगला येत होता. बोलाचाली झाली, मग मोजणी, मग फेरमोजणी, मग 2005 साली दिवाणी दावा. अकरा वर्षं. वादात असलेलं क्षेत्र पाऊण गुंठा. वहिनी दर होळीला पुरणपोळ्या पाठवायच्या, त्या थांबल्या. पुतणीच्या लग्नात मी अक्षता टाकून न जेवता परत आलो. या अकरा वर्षांत मी अकरा पारायणं केली, आणि प्रत्येक पारायणात 'सुईच्या टोकावर राहील एवढीही माती देणार नाही' म्हणणारा दुर्योधन माझ्या डोळ्यांपुढे आला की त्याला अण्णांचं तोंड असायचं. मला हे वावगं वाटत नव्हतं. उलट पोथी आपल्याला दुजोरा देते आहे, असंच वाटायचं.

सप्ताह संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो. एकटाच गेलो, टेप घेतली नाही. बांधाच्या मधोमध एका जुन्या बाभळीचं खोड आहे. ती बाभूळ वडिलांनी तोडली तेव्हा खोड हद्दीची खूण म्हणून मुद्दाम ठेवलं होतं. त्या खोडापासून अण्णांच्या शेवटच्या तासापर्यंत मी वितीने मोजलं. पावणेतीन विती. मग खोडाच्या दुसऱ्या अंगाला, माझ्याकडच्या तासापर्यंत मोजलं. दोन विती. पुन्हा मोजलं, तेच आलं. माझं शेत वाट्याने करणाऱ्याचा ट्रॅक्टर दरवर्षी वळताना बांधाला खात होता आणि मी ते पाहतच नव्हतो. अकरा वर्षं मी एकाच अंगाने मोजत आलो होतो. मोजणीच्या नकाशावरही माझं बोट नेहमी एकाच बाजूच्या रेषेवर ठेवलेलं असायचं, हे मला त्या खोडाशेजारी उकिडवं बसल्यावर आठवलं.

गीतेत धृतराष्ट्राच्या तोंडी एकच श्लोक आहे, पहिला. त्यात तो 'मामकाः' म्हणतो, माझे, आणि पांडूची पोरं वेगळी सांगतो. सख्ख्या भावाची लेकरं त्याच्या 'माझे' या शब्दात मावत नाहीत. तो आंधळा आहे असं कथा सांगते. त्या सकाळी मला कळलं की त्या श्लोकात कोण बोलतंय.

मी जे म्हणतो आहे ते माझं शोधून काढलेलं नाही. ज्ञानदेव ग्रंथाच्या आरंभी गणपतीला नमन करतात तिथेच ही रीत घालून देतात. अकार त्याचे पाय, उकार त्याचं विशाल पोट, मकार त्याचं मस्तक, सहा दर्शनं हे सहा हात, तर्क हा परशू. समोर मूर्ती आहे, पण ती कशी वाचायची हे पहिल्याच पानावर शिकवलं. संत एकनाथांनी भावार्थ रामायणाच्या प्रारंभीच कौसल्या म्हणजे सद्विद्या, कैकेयी म्हणजे अविद्या, तिच्या कानाला लागलेली मंथरा म्हणजे कुविद्या, अशी उकल करून ठेवली आहे. तुकोबा तर सरळ सांगतात, 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन'. गांधीजींनी अनासक्तियोगाच्या, म्हणजे आपल्या गीतेच्या भाषांतराच्या, प्रस्तावनेत लिहिलं आहे की 1888-89 च्या सुमारास गीता पहिल्यांदा वाचली तेव्हाच त्यांना ती माणसांच्या हृदयात चाललेल्या द्वंद्वाचं वर्णन वाटली. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, त्यांचा भर कर्मयोगावर, आणि त्याचंही मोल मी जाणतो. या सगळ्यांचं आपसांत सगळं जुळत नाही. पण गीता वाचून शेजाऱ्याचे दोष मोजा, असं यातल्या एकानेही सांगितलेलं नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडले विनोबा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचनं त्यांनी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. विनोबा तिच्याकडे फौजेसारखं पाहतात. सर्वांत पुढे अभय, सर्वांत मागे नम्रता. अभय पुढे, कारण भित्र्या मनात दुसरा कुठलाच गुण वाढत नाही. नम्रता पिछाडीला, कारण पुढे विजय मिळत असताना अहंकार मागून हल्ला करतो.

या दोन्ही टोकांचा अनुभव मी घेतला. बांधावरून अण्णांचं घर तीनशे पावलांवर आहे. तिथे जाऊन 'माझंही चुकलं' एवढं म्हणायला मला पाच महिने लागले. कोर्टात उभं राहताना कधी वाटली नव्हती इतकी भीती त्या उंबऱ्याशी वाटली. अण्णा ओसरीवर कांद्याचं रोप निवडत बसले होते. मी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, "बस," म्हणाले, वहिनींनी चहा आणला, आणि पाऊस कधी येणार यावर बोलणं झालं. बाकी काही नाही. मी दावा मागे घेतला. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मी दावा मागे घेतल्याची हकिगत चार ठिकाणी सांगितली, प्रत्येक ठिकाणी माझा भाग थोडा मोठा करून. पिछाडीला कुणी नव्हतं म्हणून घरात शिरलेला शत्रू तो हाच. हे पत्र लिहितानाही तो जवळपास आहे याची मला जाणीव आहे, म्हणून विती जशा होत्या तशाच लिहिल्या आहेत.

नाथांचं विंचवाचं भारूड आपण सगळे ऐकत आलो. विंचू चावला म्हणत बोंब मारणारा सोंगाड्या पाहून लोक हसतात. मला त्याचं हसू येत नाही, कारण मला विंचू चावलेला आहे. पारनेर तालुक्यात पहिल्या नेमणुकीवर असताना पीक पाहणीला गेलो होतो. दगडी तालीवरून उतरताना हात टेकला आणि अंगठ्याला नांगी बसली. पहिल्यांदा काही कळलंच नाही, आणि मग खांद्यापर्यंत आग गेली, ऑक्टोबरच्या उन्हात गार घाम सुटला. 'तम घाम अंगासी आला' हे नाथांनी विंचू चावलेला माणूस जवळून बघितल्याशिवाय लिहिलेलं नाही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आमच्याकडे अजूनही विंचू उतरवायला माणसं जातात: खऱ्या विंचवाला दवाखानाच लागतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात किती जीव वाचवले हे जगाने पाहिलं आहे. नाथ सांगतात तो उतारा आतल्या विंचवाचा आहे. काम-क्रोधाचा विंचू, सत्त्वगुणाचा अंगारा. आणि भारुडाच्या शेवटी नाथ एक शब्द वापरतात तो मला सगळ्या ग्रंथभांडारात खरा वाटतो: सत्त्वाने तमोगुण सारला तरी 'किंचित राहिली फुणफुण'. पारनेरला इंजेक्शन देऊन, रात्रभर झोप काढून मी सकाळी उठलो तेव्हा आग गेली होती, पण अंगठ्यात ती फुणफुण होती. चार दिवस होती. लेखणी धरली की जाणवायची.

अण्णांच्या बाबतीत ती अजून आहे. त्यांच्या शेतात ट्रॅक्टर सुरू झाला की माझे कान आपोआप बांधाकडे वळतात. आत बदल झाला म्हणजे एका रात्रीत सगळं निवळलं, असं कुणी सांगत असेल तर त्याने नाथांचं भारूड नीट ऐकलेलं नाही.

माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत, ख्रिस्ती आहेत. आमच्या नगर जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पोथीइतकाच बायबलचा मराठी सूर आमच्या कानांना ओळखीचा आहे. त्यांना मी तेराव्या अध्यायाचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून बायबल काढून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अध्याय उघडला, तोही तेरावाच निघाला. पेरणाऱ्याचा दाखला. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकाळीवर पडलं ते उगवलं पण माती नसल्याने करपलं, काही काटेरी झुडपांत पडून गुदमरलं, आणि काही चांगल्या जमिनीत पडून शंभरपट, साठपट, तीसपट आलं. येशूने स्वतःच शिष्यांना त्याची उकल करून सांगितली आहे, की ही जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचं अंतःकरण. मी मास्तरांना विचारलं, तुम्ही यातली कोणती जमीन? ते म्हणाले, "चारही. एकाच गटात असते की चारही प्रकारची." मला एकदम सातबाऱ्यावरचा पोटखराबीचा रकाना आठवला. कितीही बागायती गट असो, कोपऱ्यात खडक, ओढ्याची घळ, काहीतरी निघतंच, आणि तलाठ्याला ते वेगळं दाखवावं लागतं. पण ती नोंद कायमची नसते. मेहनत करून, माती भरून शेतकऱ्याने तिथे पीक घेतलं, तर ते क्षेत्र लागवडीखाली आल्याची नोंद करता येते. मास्तरांनी ही गोष्ट पुढच्या रविवारी त्यांच्या ख्रिस्ती देवळात सांगितली म्हणे.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घ्यायलाच हवा. सगळं आतलंच म्हटलं तर बाहेरच्या अन्यायाचं काय? ज्याची जमीन खरोखर बळकावली गेली त्याला 'तुझ्या मनातला दुर्योधन बघ' म्हणायचं का? मुळीच नाही. असं सांगणारा माणूस पोथीआड लपलेला असतो. माझ्या टेबलावर मी अशा नोंदी केल्या आहेत की ज्यांच्या आठवणीने अजून झोप मोडते. बहिणींची हक्कसोडपत्रं. भाऊ बहिणीला गाडीत घालून आणतो, साडीचोळी देतो, ती सही करते किंवा अंगठा उठवते, आणि तिचं नाव कमी होतं. कागद कायदेशीर असतो, हरकत कुणाची नसते, नोंद मंजूर करावी लागते. पण त्या बाया सही करताना कागदाकडे पाहत नसत, भावाच्या तोंडाकडे पाहत.

आमच्या धाकट्या बहिणीनेही 1991 साली तशीच सही केली होती. ज्या दोन भावांसाठी तिने एकरांवर पाणी सोडलं, ते दोघे पाऊण गुंठ्यासाठी अकरा वर्षं भांडले, आणि त्या अकरा वर्षांत एकदाही, पोथी वाचताना नाही की कोर्टात शपथेवर बोलताना नाही, तिचं नाव माझ्या मनात आलं नाही. ते आलं त्या बाभळीच्या खोडाशेजारी. 2017 साली माझ्या गटातलं बागायत 20 गुंठे क्षेत्र मी तिच्या नावे बक्षीसपत्राने केलं. गावच्या तलाठ्याने नमुना सहामध्ये फेरफार धरला, नोटीस लागली, पंधरा दिवस हरकतीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. ज्या खुर्चीत बसून मी हजारो फेरफार मंजूर केले तिच्यासमोर मी खातेदार म्हणून उभा होतो. बहीण म्हणाली, "हे आधीच करायचं होतं." तिचं बरोबर होतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांनी तसं काही केलेलं नाही आणि तो त्यांचा प्रश्न आहे, मी त्यांच्या बाजूने मोजायचं आता थांबवलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की आतला अर्थ लावून वाचणं म्हणजे बाहेरचं सोडून देणं नव्हे. नमुना सात आतला आहे असं समजा, पण नमुना बारामध्ये यंदा काय उभं आहे ते शेजाऱ्यालाही दिसतं. ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना अहिंसेवर किती ओव्या खर्च केल्या आहेत पाहा. अहिंसक माणूस चालतो कसा, तर बगळा पाण्यात पाऊल टाकतो तसा, लाट मोडणार नाही इतक्या अलगद. भुंगा कमळावर पाय ठेवतो, केसर कुस्करेल या शंकेने. ज्याचं मन बदललं त्याचं ज्ञानदेव इथे पाऊल दाखवतात. आणि ग्रंथ संपताना मागणं काय मागतात, तर 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ मरोत, असं नाही. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. तो सुटावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी. माणूस तोच राहतो, त्याचा वाकडेपणा जातो. ज्यांना महाभारतातून आजचे शत्रू शोधायचे आहेत त्यांनी ही एक ओळ रोज सकाळी म्हणावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. युद्धाच्या सालाचा वाद चालू ठेवा, पण त्याच पानावर आठवड्यातून एकदा वाचकांकडून एक ओवी, एक अभंग, एक आयत किंवा एक वचन मागवा, आणि सोबत त्याचा विद्वत्तापूर्ण अर्थ नको, तर ते वाचून त्या वाचकाच्या घरात, शेतात, कचेरीत काय बदललं एवढंच लिहायला सांगा. काही बदललं नसेल तर तेही लिहू दे. 'एक तरी ओवी अनुभवावी' असं नामदेवांच्या नावाने आपण सगळे म्हणतो. नऊ हजारांतून एक. ते मागणं फार कमी आहे असं मला तरुणपणी वाटायचं.

आमच्या सप्ताहात गेल्या काही वर्षांपासून एक पाळतो आहोत. तेराव्या अध्यायाला वेगळा दिवस देतो, लाउडस्पीकर लावत नाही आणि दर शंभर ओव्यांनी थांबतो. बाहेरगावच्या काही पारायणकऱ्यांना ते पटत नाही, ते त्या दिवशी येत नाहीत. आजी अजून खांबाला टेकून बसतात. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या प्रश्नावरचं बोलणं मला त्यांच्या कानाशी वाकून करावं लागतं. गेल्या माघात मी त्यांना सांगितलं की आजी, नाव कुणाचं ते अजून कळलं नाही, पण पीक पाहणी आता मी स्वतः करतो. त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला आणि शेजारणीने पान उलटलं तसं त्यांनीही उलटलं.

आपला नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर